कलकत्त्याला स्थळ पाहायला

अनसाबाई हे नाव मी सगळ्यांत आधी लिहितो, कारण ते माझ्या कुठल्याही अधिकृत कागदावर लिहिलं गेलं नाही. माझ्या पदवीवर विद्यापीठाचं नाव आहे, नेमणुकीच्या हुकमावर सरकारचं आहे, घराच्या फाटकावर माझं स्वतःचं आहे. पण मी कुठे शिकावं हे ठरवलं ते अनसाबाईनं. ती माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमच्याकडे तिला मोठी माय म्हणतात. मोठे वडील लवकर गेले. माझी आई दिवसभर लोकांच्या वावरात निंदायला-वेचायला जायची आणि बाबा नेरच्या जीनमध्ये कापसाच्या गाठी बांधायचे. त्यामुळे घर, चूल, आम्ही पोरं आणि घरातले सगळे निर्णय मोठ्या मायच्या हाती असत. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. तिच्यापुढे उभं राहून खोटं बोलणं मात्र आम्हा कोणालाच जमलं नाही.

घर दोन खणांचं होतं. पहाटे मोठी माय जात्यावर बसली की त्या घरघरीनं आम्ही जागे होत असू. मग जीनचा भोंगा वाजायचा आणि बाबा मुंडासं बांधत उठायचे. हंगामात त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचं बारीक तूस बसलेलं असे; संध्याकाळी ते परतले की मोठी माय म्हणायची, "आले आमचे म्हातारे भाऊजी." जेवणात ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी हे ठरलेलं, आणि बाजाराच्या दिवशी वांगं. ही चटणी मी पुढे किती गावांत किती जणांकडून करवून घेतली, पण ती कुटताना मोठी माय जे मधूनच चाखून "हं" म्हणायची, ते "हं" त्या चटण्यांत काही उतरलं नाही.

पाण्याचं सांगायला हवं. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा आमच्या लोकांना गावविहिरीवर जाता येत नसे. बाया गावाबाहेरच्या नाल्यात जायच्या. तिथल्या रेतीत हातानं खड्डा करायचा, म्हणजे झिरा. रेतीतून पाणी हळूहळू पाझरून वर येई, ते वाटीवाटीनं गुंडात, म्हणजे घागरीत, भरायचं. एक गुंड भरायला कधी कधी अर्धी सकाळ जाई. छप्पनच्या दसऱ्याला आमची सगळी माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, आणि दुसऱ्याच दिवशी मोठी माय गुंड घेऊन सरळ गावविहिरीवर गेली. त्या दिवशी बोलाचाली झाली, नंतरही काही दिवस होत राहिली. ती जातच राहिली. मग बाकीच्या बायाही जाऊ लागल्या.

तिच्या पोरींची लग्नं ठरली ती मात्र त्याआधी. आमच्याकडे स्थळ पाहायला पुरुष जातात. घर, वावर, बैल बघतात, चहा घेतात आणि येतात. मोठी माय त्यांच्याबरोबर बैलबंडीत बसून जायची आणि तिथे पोचल्यावर एकच विचारायची, "पानी कोठून आनता?" बोरी अरबला मधल्या पोरीसाठी गेलो तेव्हा मीही होतो. स्थळ उत्तम होतं, सगळे खुशीत होते. मोठ्या मायनं कोपऱ्यातला रिकामा गुंड उचलला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि निघाली.

मुलाची आई दारातून ओरडली, "काहो बाई, लेक द्यायले आल्या का पानी भरायले?"

"पोरीच्या डोक्यावर किती येते, ते माह्या डोक्यावर घेऊन पायतो," मोठी माय म्हणाली.

ती भरला गुंड घेऊन परत येईस्तोवर सगळे पुरुष माना खाली घालून बसले होते. येऊन तिनं पाणी उतरवलं, घाम पुसला आणि म्हणाली, "चालते." मग तिनं कनवटीची चंची काढली, अडकित्त्यानं सुपारी फोडली, अर्धी विहिणीला दिली, अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली. तिची सुपारी फुटली की लग्न ठरलं. मग त्यात बाबांनाही काही बोलायला जागा नसे.

मी डॉक्टर झालो ही आमच्या वस्तीत केवढी गोष्ट होती ते आता सांगूनही कळणार नाही. निकाल घेऊन नागपूरहून आलो तेव्हा बाबांनी जीनमध्ये रजा टाकली आणि मला घेऊन कापूसबाजाराच्या रस्त्यावर गेले. तिथे त्यांनी एक खोली पाहून ठेवली होती. दाराला निळा रंगही देऊन झाला होता. "हे पाय," ते म्हणाले, "इथं टेबल, इथं बाक, अन् बाहेर तुह्या नावाची पाटी. जाता-येता सारं गाव वाचन." त्यांच्या डोळ्यांत मी इतका आनंद पूर्वी पाहिला नव्हता. आधी सरकारी नोकरीत हात बसवतो, मग इथेच येतो, असं मी त्यांना सांगितलं, आणि तेव्हा ते खरंही होतं.

नेमणूक मिळाली ती फुलसावंगीच्या पलीकडच्या एका खेड्यात. उन्हाळा लागला आणि दवाखान्याच्या बाकावर नारूचे रोगी येऊन बसू लागले. ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांनी आनंद मानावा. पायाला फोड येतो, तो फुटतो आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा लांबलचक किडा बाहेर येऊ लागतो. तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचा. तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर उठत नाही. कष्टाची माणसं, तरणी माणसं, बाकावर पाय लांब करून बसलेली असत. मी पट्ट्या बांधत होतो आणि मनातून खूश होतो, की आपण किती कामाचे आहोत. एक दिवस जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी आले. उंच, मितभाषी गृहस्थ. त्यांनी माझ्या पट्ट्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "विहीर दाखवा" म्हणाले. पायऱ्यांची विहीर होती. लोक आत उतरून गुडघाभर पाण्यात उभे राहून भांडी भरत. त्यांनी सांगितलं, की फुटलेले पाय त्या पाण्यात बुडतात, किड्याची पिल्लं पाण्यात सुटतात, आणि तेच पाणी घरोघर प्यायलं जातं. महिन्याभरात त्यांनी पायऱ्या बुजवून घेतल्या, कठडा बांधला, वर रहाट बसवला. त्या उन्हाळ्यात नारू आलाच, कारण तो आदल्या वर्षीच पोटात गेलेला होता. पण त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी पट्ट्या कापून, उकळून, घड्या घालून तयार ठेवल्या आणि वाट पाहत बसलो. बाक रिकामा होता. चैत्र गेला, वैशाख गेला, बाक रिकामाच. बाहेर माणसं चालत होती, सगळी धडधाकट. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ मोठी इस्पितळं पाहिली, पण त्या रिकाम्या बाकापुढे मी जसा थक्क होऊन बसलो होतो तसा पुन्हा कधी बसलो नाही.

साहेबांना भेटून मी विचारलं, हे कुठे शिकवतात? ते म्हणाले, याची वेगळी पदवी असते, सार्वजनिक आरोग्य. देशात शिकवणाऱ्या जागा थोड्या. एक पश्चिमेकडच्या मोठ्या शहरात, एक कलकत्त्याला. "दोन्हीकडे अर्ज करा," म्हणाले. मी केले, आणि दोन्हीकडून बोलावणं आलं. कोणती निवडावी हे मला कळेना. माझी नात हल्ली परदेशी विद्यापीठं निवडते आहे. तिच्या मोबाईलवर सगळ्यांचे क्रमांक आहेत, खोल्यांचे फोटो आहेत. माझ्याकडे दोन पाकिटं होती आणि घरी काय सांगायचं याची भीती.

भीती खरी ठरली. जेवताना मी विषय काढला तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला.

"म्हंजे रोग्याले तपासत नाई?"

"नाही, बाबा."

"सुई नाई देत?"

"क्वचित."

"मंग कायचा डागदर रे तू? नाल्या झाडनारा?" त्यांनी ताट सरकवलं. "अन् त्या खोलीचं काय? निळा रंग मी कायले देल्ला?"

आई खाली मान घालून भाकर मोडत होती. त्यांचं दुःख मला दिसत होतं. जन्मभर दुसऱ्याच्या गाठी बांधलेल्या माणसाला मुलाच्या नावाची पाटी हवी होती, यात चुकीचं काय होतं? मी त्या क्षणी नाही म्हणायला, दोन्ही पाकिटं चुलीत टाकायला तयार होतो. तेवढ्यात मोठी माय म्हणाली, "जागा पाह्यली का तू?"

"कोणती?"

"जिथं चालला ती. पोरगी देतानी घर पायतो, दार पायतो. मंग पोरगं का न पायता फेकाचं? दोन स्थळं आले ना? दोन्ही पाहू. एकही धड नाही निंघालं तं भाऊजीची खोली हायेच."

बाबांना हे पटलं, कारण त्यात खोलीला जागा होती. मला वाटलं ती थट्टा करते आहे. चार दिवसांनी ती बडनेऱ्याच्या फलाटावर माझ्या शेजारी उभी होती, शिदोरीचं गाठोडं काखेत आणि चंची कमरेला.

आधी पश्चिमेकडे गेलो. त्या संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तिथे आमचं कोणी काही वाईट केलं नाही. उलट माणसं फार चांगली वागली. दगडी जिना, उंच छत, ग्रंथालयात भिंतभर पुस्तकं. मी त्या पुस्तकांपुढे उभा राहिलो आणि मनातल्या मनात तिथेच राहायला आलोसुद्धा. कचेरीतल्या गृहस्थांनी मोठ्या मायला खुर्ची दिली, स्वच्छ पेल्यातून पाणी दिलं. तिनं पाणी प्यायलं आणि विचारलं, "हे पानी कोठून येते?"

"नळाला येतं, आजी."

"नयाले कोठून येते?"

ते हसले, पण कुचेष्टेनं नव्हे. शेजारच्याला त्यांनी विचारलं, त्यानं आणखी एकाला विचारलं. कोणी एका तलावाचं नाव घेतलं, कोणी दुसऱ्याचं. शेवटी ते म्हणाले, "चौकशी करून सांगतो, आजी." मी शरमेनं लाल झालो होतो, बाहेर आल्यावर तिच्यावर चिडलोही. ती एवढंच म्हणाली, "मकान मोठं हाय." पुढच्या सबंध प्रवासात तिनं त्या जागेबद्दल चकार शब्द काढला नाही.

कलकत्त्याला उतरलो आणि हावड्याचा पूल समोर आला. मोठ्या मायनं माझा हात धरला. ती भीतीनं हात धरणारी बाई नव्हती. "अव माय वो," ती हळूच म्हणाली, "एवढं लोखंड कोनं उचललं असन?" आम्ही दोघंही, एक डॉक्टर आणि एक अडाणी बाई, त्या पुलावर सारखेच तोंड उघडून उभे होतो. संस्थेची इमारत त्यामानानं साधी वाटली. घोषाल सर म्हणून एक प्राध्यापक होते. धोतर, जाड भिंगाचा चष्मा, काखेत छत्री. त्यांचं हिंदी बंगाली वळणाचं, मोठ्या मायचं वऱ्हाडी वळणाचं. तरी दोघांना एकमेकांचं कळत होतं. पाणी आलं. मी डोळे मिटून घेतले.

"ये पानी कहाँ से आता, गुरुजी?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "माताजी, देखेंगी?"

त्या दिवशी विद्यार्थ्यांची गाडी शहराच्या जलकेंद्रावर निघतच होती. सरांनी आम्हाला तीत बसवलं आणि स्वतः आमच्या शेजारी बसले. शहर मागे पडलं, नदी लागली. वऱ्हाडातल्या माणसानं तेवढी नदी पाहिली की आधी त्याला ती नदी वाटतच नाही. गढूळ, रुंद, होड्या अंगावर घेऊन चाललेली. तिचं पाणी मोठमोठ्या पंपांनी ओढून तलावात सोडत होते. तिथे गाळ बसे, मग ते पाणी पुढे जाई. पुढे काय आहे ते पाहायला आम्ही एका बांधावर चढलो आणि समोर वावरंच्या वावरं पसरलेली दिसली. ती पाण्याखाली होती, आणि पाण्याखाली रेती होती. सर सांगू लागले, की पाणी या रेतीतून हळूहळू खाली झिरपतं, रेती घाण धरून ठेवते, आणि खालून स्वच्छ पाणी निघतं.

मोठी माय बांधावर उकिडवी बसली. सरांनी एका कोरड्या वाफ्यातली मूठभर रेती आणून तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती बोटांनी चोळली, बराच वेळ चोळली. मग माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता.

"मारोती," ती म्हणाली, "हा तं झिरा हाय रे. एवढा मोठा झिरा कोनं खंदला?"

मी सरांना झिरा म्हणजे काय ते सांगितलं. नाल्याचं, वाटीचं, अर्ध्या सकाळचं सगळं सांगितलं. का जावं लागे तेही सांगितलं. ते परक्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा सांगत होतो. विद्यार्थी गोळा झाले होते. सर ऐकत राहिले, आणि मग तिच्या शेजारी, धोतर सावरून, तसेच उकिडवे बसले. तिनं विचारलं, "ये पानी किस-किस के घर जाता?"

"सब के घर, माताजी."

"सब के?"

"सब के."

ती पाण्याकडे पाहत राहिली. दूर पंपांचा आवाज येत होता. मग तिनं कनवटीला हात घातला आणि माझ्या लक्षात येईपर्यंत चंची सुटली होती, अडकित्ता वाजला होता. अर्धी सुपारी तिनं सरांपुढे धरली. "पोरगा तुमच्या पदरात टाकला," ती चक्क मराठीत म्हणाली. "जरा मुखदुर्बय हाय. पन खोटा नाई." सरांना त्यातलं काही कळलं नसावं. पाहुणचाराची सुपारी समजून त्यांनी ती आनंदानं तोंडात टाकली आणि चावू लागले. माझं शिक्षण त्या बांधावर ठरलं. पश्चिमेकडची ती पुस्तकांची भिंत क्षणभर डोळ्यांपुढून गेली, नाही असं नाही. पण माझ्याही तळहाताला तोवर रेती लागली होती.

नेरला परतलो तेव्हा बाबा ओट्यावर वाट पाहत होते. मोठ्या मायनं गाठोडं खाली ठेवलं. "कलकत्ता," ती म्हणाली. "सुपारी फोडली."

"मले न इचारता?"

"तुमाले इचारलं असतं तं तुमी खोली दाखोली असती."

बाबांनी गाठोडं उचलून घरात ठेवलं. परत येऊन म्हणाले, "वहिनी, जीनमंधी लोक इचारतीन. पोरगा कोनता डागदर होऊन राह्यला? काय सांगू मी त्याईले?"

मी काही तरी लांबलचक सांगू लागलो. तिनं मला हातानं थांबवलं. "सांगजा, ज्याच्यापाशी कोनाले यायचं कामच पडू नये, असा डागदर."

बाबांनी ते वाक्य दोनदा पुटपुटून पाहिलं, बाजारात एखादं नाणं खरं की खोटं पाहावं तसं. नंतर ते हसले. त्यांचं मन पूर्ण भरलं असं मी म्हणणार नाही. निळ्या दाराच्या रस्त्यानं जाणं त्यांनी पुढे बरेच दिवस टाळलं. पण मला बडनेऱ्याला गाडीत बसवायला तेच आले, आणि डब्यातल्या अनोळखी माणसांना माझ्यादेखत सांगू लागले, "पोरगा डागदर हाय. कलकत्त्याले चालला. निराळा डागदर हाय तो."

कलकत्त्याहून मोठ्या मायला पहिलं पत्र लिहिलं ते आधी कच्चं लिहून काढलं होतं, शेजारचे गुरुजी तिला वाचून दाखवणार म्हणून अक्षर आणि भाषा नीट हवी होती. तो कच्चा कागद माझ्याजवळ राहिला आहे. तो होता तसा इथे देतो.

"ती. मोठ्या मायस,
सविनय जयभीम.

मी इकडे खुशाल आहे. खोलीत आम्ही तिघे आहोत. एक मद्रासकडचा, एक आसामचा. तिघांची भाषा तीन, त्यामुळे भांडण अजून झालेलं नाही. इथे दोन्ही वेळ भात आणि मासे असतात. भाकरीची फार आठवण येते, पण हे आईला सांगू नको.

अभ्यास कठीण आहे. पहिले काही दिवस वर्गात सगळे इंग्रजीत भराभर बोलत आणि मी मागे बसून राही. वाटलं, आपण चुकीच्या जागी आलो. हे तुला लिहावं की नाही याचा विचार केला. पण तुझ्याशी खोटं कसं बोलू.

आज आम्हाला शहराबाहेरच्या एका खेड्यात नेलं. एकेकानं घरोघर जाऊन आजाराची विचारपूस करायची होती. माझ्याबरोबर भाषा सांगणारा एक जण होता. एका झोपडीत तुझ्याच वयाची एक बाई मुरमुरे भाजत होती. ती माझ्या कोणत्याच प्रश्नाचं उत्तर देईना. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तिनंच मला विचारलं, तुला कोणी पाठवलं? खरं तर सरकारचं नाव सांगायचं, असं आम्हाला शिकवलं आहे. माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. अनसाबाईनं पाठवलं, असं म्हणालो. तिनं भाषावाल्याला विचारलं, अनसाबाई कोण? त्याला माहीत नव्हतं. मग मी सांगत बसलो, आणि तो तिला सांगत बसला. बराच वेळ लागला. तिनं मुरमुऱ्यांची टोपली माझ्यापुढे सरकवली, आणि मग घरातल्या एकेकाचं दुखणं सांगायला लागली.

बाकीच्यांनी पुष्कळ घरांची माहिती आणली. माझं एकच घर झालं. सरांनी कागद वाचला आणि म्हणाले, उद्या पुन्हा तिथूनच सुरू करा.

तर उद्या पुन्हा जातो आहे.

बाबांना व आईला जयभीम सांग. तब्येतीला जप.

तुझा,
मारोती"